तापीकाठी एक संध्याकाळ

आम्हां बडोदेकरांना सुरत परकी नाही. उत्राण स्टेशन मागे पडते, गाडी तापीच्या पुलावर खडखडते आणि आपण सुरतेत पोचतो. यंदा काही कामानिमित्त तेथे जाणे झाले. काम उरकून चौक बाजारातून जुन्या किल्ल्याकडे निघालो. रस्ते झाडून लख्ख केलेले होते. ते पाहून १९९४ सालचा सप्टेंबर आठवला.

गणेशविसर्जन नुकतेच झाले होते. सुरतेच्या वेड रोड भागात फुप्फुसाच्या प्लेगने माणसे दगावल्याची वार्ता पसरली आणि लाखो लोक मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेले. टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल पाहता पाहता दुकानांतून नाहीशा झाल्या. दूर दिल्लीतही तीच गत. बडोद्यात, खोटे कशाला सांगावे, आम्हीही त्या आणल्या. घरात कोणाला साधी शिंकही नव्हती. औषधाच्या दुकानापुढची रांग दिसली आणि पाय आपोआप तिकडे वळले.

जंतू डोळ्यांना दिसत नाही; कॅप्सूल मात्र मुठीत धरता येते. तेवढ्यानेच मनाला धीर येतो. त्यात दुकानाची रिकामी फळी म्हणजे भीतीची दवंडीच. न भ्यालेलाही ती पाहून भितो आणि टंचाईच्या धास्तीनेच खरी टंचाई होते. वेळीच औषध मिळाल्यास हा प्लेग बरा होतो. ते आधी हवे असते रोग्याला आणि त्याच्या निकटच्या माणसांना. एका घराचा शहाणपणा हजार घरांनी केला, की औषध कपाटात राहते आणि रोग्याचे आप्त दुकानोदुकानी हिंडतात. २०२० च्या मार्चमध्ये मुखपट्ट्यांचे तेच झाले. अखेर सरकारला त्या जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घालाव्या लागल्या.

सुरतेला तारले ते झाडूने आणि गटारांच्या दुरुस्तीने. १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवले आणि वर्षा-दीड वर्षात शहराचा कायापालट झाला.

किल्ल्यापाशी अंधार पडेतो बसलो. आमच्या त्या कॅप्सूल पुढे एका दिवाळीच्या साफसफाईत सापडल्या. मुदत केव्हाच संपली होती. कागदात गुंडाळून टाकून दिल्या. त्या कोणाच्या वाट्याच्या होत्या, हा प्रश्न त्या दिवशी मनात आला नव्हता. तापीकाठी तो आला.