आभाळाखालचं नाटकघर

नाटक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? मखमली पडदा, तिसरी घंटा, हळूहळू मंद होणारे दिवे... पण जिथं पडदा नाही, छप्पर नाही आणि दिवे मंद करायचं काम चक्क सूर्य करतो, असं नाटकघर पाहायचंय? मग चला न्यूयॉर्कला!

या शहराच्या मधोमध सेंट्रल पार्क नावाची लांबच लांब बाग आहे. ऐंशीव्या रस्त्याच्या आसपास आत शिरलात की एक छोटं तळं लागतं. त्याचं नाव टर्टल पाँड, म्हणजे कासवांचं तळं. वरच्या खडकावर बेल्व्हेडेर नावाचा चिमुकला दगडी किल्ला, आणि जवळच अर्धगोलात मांडलेल्या अठराशेच्या आसपास खुर्च्या. हेच डेलाकोर्ट थिएटर. नाटक सुरू होतं रात्री आठला. जून-जुलैत तिथं सूर्य मावळतो साडेआठच्या सुमाराला. म्हणजे पहिला प्रवेश उजेडात आणि शेवटचा अंधारात! मधेच डोक्यावरून विमान घरघरत जातं. डोळ्यांवर काळा पट्टा असलेले रकून कधी कधी थेट रंगमंचावर फेरी मारून जातात. पाऊस आला की नट आत पळतात. थांबला, की नाटक पुन्हा पुढं सुरू!

आणि तिकीट किती, ठाऊक आहे? फुकट! लोक सकाळपासून रांगेत बसतात, बरोबर सतरंजी नि खाऊ घेऊन.

हा फुकटपणा सहज मिळालेला नाही बरं का. जोसेफ पॅप नावाचा ब्रुकलिनच्या गरीब घरातला एक मुलगा. शेक्सपिअर त्याला भेटला तो सार्वजनिक वाचनालयात, एक पैसा न देता. मोठेपणी त्यानं ठरवलं, की नाटकही असंच सगळ्यांना बघायला मिळालं पाहिजे. १९५९ साली बागांचे बलाढ्य अधिकारी रॉबर्ट मोझेस म्हणाले, "तुमच्या गर्दीनं गवत खराब होतं. तिकीट लावा, नाहीतर प्रयोग बंद!" पॅप थेट कोर्टात गेले आणि जिंकले. तीन वर्षांनी, १९६२ साली, डेलाकोर्ट थिएटर उभं राहिलं.

आता खरी गंमत ऐका. करोनामुळं २०२० साली इथं नाटक झालंच नाही. २०२१ मध्ये दारं उघडली ती 'मेरी वाइव्ह्ज' या नाटकानं. शेक्सपिअरच्या मूळ नाटकात फॉलस्टाफ नावाचा एक लठ्ठ, कंगाल सरदार आहे. पैशांच्या लोभानं तो दोन श्रीमंत बायकांना प्रेमपत्रं पाठवतो. दोघींना अगदी एकसारखी! त्या दोघी मैत्रिणी निघतात, पत्रं ताडून बघतात आणि मग त्याची अशी काही खोड मोडतात, की विचारू नका. मळक्या कपड्यांच्या टोपलीत कोंबून त्याला पाण्यात फेकून देतात!

हे सगळं घडतं इंग्लंडमधल्या विंडसर गावात, चारशे वर्षांपूर्वी. पण लेखिका जोसलिन बायो आणि दिग्दर्शक सहीम अली यांनी ते उचलून ठेवलं हार्लेममध्ये, ११६व्या रस्त्यावर. म्हणजे थिएटरपासून जेमतेम तीन किलोमीटरवर! तिथं पश्चिम आफ्रिकेतून आलेली पुष्कळ कुटुंबं राहतात. म्हणून नाटकातली एक बाई घानाची झाली, दुसरी नायजेरियाची. रंगमंचावर केसांच्या वेण्या घालून देणारं दुकान आलं, कपडे धुण्याचं दुकान आलं. शेवटचा प्रवेश मूळ नाटकात रानात आहे. त्या वेळी ही दुकानं बाजूला सरकली आणि मागं दिसली बागेतली खरीखुरी झाडं!

"पण हे काय शेक्सपिअरचं नाटक राहिलं?" असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. शंका रास्त आहे. पण ऐका. 'ज्युलियस सीझर'मध्ये प्राचीन रोममध्ये घड्याळाचे टोले पडतात. तेव्हा रोममध्ये असली घड्याळं होती कुठं? ती होती शेक्सपिअरच्या लंडनमध्ये! त्याचे नट बहुतेक करून त्याच्याच काळातले कपडे घालायचे आणि ग्लोब थिएटरही मधोमध उघडंच होतं. म्हणजे जुनी गोष्ट आजच्या कपड्यांत तोही आणत होताच. आपल्याकडेही गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला आणि मराठी प्रेक्षकांनी त्याला आपला मानलं.

अर्थात, यात धोकाही असतो. २०१७ साली डेलाकोर्टमध्येच सीझरला त्या वेळच्या अमेरिकेच्या अध्यक्षांसारखं दाखवलं. सीझरचा तर खून होतो! काही कंपन्यांनी देणगी काढून घेतली, विरोधक चालू प्रयोगात रंगमंचावर चढले. खरं तर खून करणाऱ्यांचाही शेवट सर्वनाशातच होतो, हेच ते नाटक सांगतं. पण त्यासाठी ते शेवटपर्यंत बघावं लागतं ना! प्रयोग मात्र थांबला नाही. त्या माणसांना बाजूला केलं आणि नाटक पुढं चालू झालं.

जुनं नाटक जुन्याच कपड्यांत ठेवलं, तर कुणी भांडत नाही. पण मग हार्लेमच्या मुलीला, 'अरे, ही तर आमची गल्ली!' असं कधी वाटणार?

पुढं डेलाकोर्टची मोठी दुरुस्ती झाली. शहरातल्या इमारतींवरच्या जुन्या पाण्याच्या टाक्यांचं लाकूड बाहेरच्या बाजूला लावलं आणि २०२५ साली ते पुन्हा उघडलं. तिकीट अजूनही फुकटच!

आता एक काम तुमच्यासाठी. मैदान तुमच्याकडं आहे, आभाळ तर आहेच. शाळेत शिकलेलं एखादं जुनं नाटक घ्या आणि विचार करा, फॉलस्टाफ तुमच्या गल्लीत आला, तर कोणत्या दुकानात लपेल?