बेंडलरब्लॉक: शपथ मोडणाऱ्या सैनिकाच्या वाटेवर

बर्लिनच्या पोट्सडामर प्लाट्झ चौकातून टियरगार्टन उद्यानाच्या कडेने पश्चिमेकडे चालत गेल्यावर श्टाउफेनबर्गश्ट्रासे हा रस्ता लागतो. १९५५ पर्यंत त्याचे नाव बेंडलरश्ट्रासे होते. त्यावरच्या बेंडलरब्लॉक या लष्करी इमारतीत आता संरक्षण मंत्रालयाचे कार्यालय आहे आणि जर्मन प्रतिकाराचे संग्रहालयही. तिथे प्रवेश विनामूल्य आहे. हिटलरला ठार मारण्याचा कट इथूनच चालवला गेला.

कटाचा सूत्रधार कर्नल क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग १९०७ मध्ये एका सरदार घराण्यात जन्मला आणि १९२६ मध्ये बाम्बर्गच्या घोडदळात दाखल झाला. नाझी राजवटीच्या आरंभी तो तिचा विरोधक नव्हता; १९३९ मध्ये पोलंडच्या मोहिमेवरून त्याने लिहिलेल्या पत्रांत तिथल्या ज्यूंविषयी आणि पोलिश लोकांविषयी उघड तुच्छता आहे. ज्यूंची कत्तल आणि रशियन युद्धकैद्यांचे हाल कळू लागले तसा तो फिरला. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात विमानहल्ल्यात त्याचा डावा डोळा, उजवा हात आणि डाव्या हाताची दोन बोटे गेली.

१९३४ पासून जर्मन सैनिक देशाशी नव्हे, तर हिटलरशी व्यक्तिशः निष्ठेची शपथ घेत. हिटलर जिवंत असेपर्यंत बहुतेक अधिकारी ती मोडणार नाहीत, हे कटवाल्यांना ठाऊक होते. अंतर्गत बंडाळी मोडण्यासाठी राखीव सैन्याची ‘वाल्क्यूरे’ नावाची योजना होती. तिचाच वापर करून सत्ता घ्यायचे ठरले. जुलै १९४४ मध्ये श्टाउफेनबर्ग या सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ झाला आणि हिटलरच्या बैठकांना जाण्याची वाट मोकळी झाली.

ज्या बैठकीत त्याच्यावर हल्ला झाला ती जिथे भरली, ते हिटलरचे मुख्यालय ‘वोल्फशान्झे’ आज पोलंडमध्ये, केंत्शिन गावाजवळच्या जंगलात आहे. जर्मनांनी माघार घेताना उडवून दिलेल्या काँक्रीटच्या बंकरांचे प्रचंड तुकडे झाडीत पडलेले आहेत. २० जुलै १९४४ रोजी बैठक बंकरऐवजी लाकडी बराकीत भरली. घाईत श्टाउफेनबर्गला दोनपैकी एकच बॉम्ब सज्ज करता आला. बॉम्बची बॅग टेबलाच्या जाड पायामागे सरकवली गेली. १२.४२ ला स्फोट झाला. चौघे दगावले, हिटलर वाचला.

हिटलर मेलाच, असे समजून श्टाउफेनबर्ग विमानाने बर्लिनला परतला. सत्ता घेण्याचे आदेश सुटायला मात्र कित्येक तास उशीर झाला. हिटलर जिवंत असल्याचे संध्याकाळी उघड झाले आणि उठाव कोसळला. राखीव सैन्याचा प्रमुख आणि कटाची माहिती असूनही गप्प राहिलेला जनरल फ्रॉम याने स्वतःला वाचवण्यासाठी मध्यरात्रीनंतर श्टाउफेनबर्ग आणि त्याचे कटातील साथीदार ओल्ब्रिख्ट, मेर्ट्झ आणि हेफ्टेन यांना बेंडलरब्लॉकच्या अंगणात गोळ्या घालायला लावल्या. तिथे आता रिखार्ड शाइबे याने घडवलेला, हात बांधलेल्या तरुणाचा ब्राँझचा पुतळा उभा आहे.

चौघांना दक्षिणेकडच्या शोनेबर्ग भागातील दफनभूमीत पुरण्यात आले. नाझींच्या एस.एस. दलाने मृतदेह उकरून जाळले आणि राख विखुरली. शहराच्या वायव्येला प्लोट्झेनझे तुरुंगात श्टाउफेनबर्गचा भाऊ बेर्टोल्ड याच्यासह अनेक कटवाल्यांना फाशी झाली. तिथेही आता स्मारक आहे. श्टाउफेनबर्गची गरोदर पत्नी नीना हिला कैद झाली आणि मुलांना नाव बदलून बाट झाक्सा इथल्या बालगृहात ठेवण्यात आले. फ्रॉमलाही मार्च १९४५ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या.

युद्धानंतर बरीच वर्षे अनेक जर्मन या अधिकाऱ्यांना शपथ मोडणारे देशद्रोही मानत. आता दरवर्षी २० जुलै रोजी बेंडलरब्लॉकमध्ये सरकारतर्फे त्यांचे स्मरण केले जाते. १९५६ च्या सैनिक कायद्यानुसार मानवी प्रतिष्ठेचा भंग करणारा हुकूम जर्मन सैनिकावर बंधनकारक नसतो आणि ज्या हुकमाने गुन्हा घडेल तो त्याने पाळूच नये.