लाकडी विमानाच्या सावलीत

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंडहून मॅकमिनव्हिलला जायला साधारण तासभर लागतो. वाटेत द्राक्षमळे आहेत, हेझलनटच्या बागा आहेत. पण त्या दिवशी आमचे लक्ष बाहेर नव्हते. मागच्या सीटवर दहा वर्षांच्या लेकाच्या मांडीवर बुटांचा खोका, खोक्यात स्पंज आणि स्पंजात त्याने बनवलेले छोटे स्पिटफायर विमान. गाडी जरा हादरली की तो श्वास रोखून धरी. सात वर्षांची धाकटी दर पाच मिनिटांनी विचारी, "भाईजान, चाक तुटलं का?"

एव्हरग्रीन विमान संग्रहालयात मॉडेलची स्पर्धा होती. आवारात शिरताच मुले ओरडली. एका इमारतीच्या छपरावर अख्खे बोइंग 747 बसवलेले! ते पाण्यात खेळायचे उद्यान. घसरगुंड्या त्या विमानातूनच खाली येतात. "आधी स्पर्धा," म्हणत आम्ही त्यांना पुढे नेले.

आत गेल्यावर मात्र आम्हीच गप्प झालो. समोर हॉवर्ड ह्यूजचे एच-4 हर्क्युलिस उभे होते. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 320 फूट, आणि इंजिने आठ. लोक त्याला 'स्प्रूस गूस' म्हणतात, पण लाकूड बहुतेक बर्च झाडाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या आणि ॲल्युमिनियमची टंचाई होती. म्हणून सैनिक समुद्रापार नेण्यासाठी हे लाकडी विमान बांधायला घेतले. ते पुरे होण्याआधीच युद्ध संपले. 2 नोव्हेंबर 1947 रोजी लाँग बीचच्या बंदरात ह्यूजने ते स्वतः उडवले: पाण्यापासून सुमारे 70 फूट उंच, सुमारे एक मैल. पुन्हा ते कधीच उडाले नाही.

लेकाचे स्पिटफायर 1/72 मापाचे, म्हणजे त्यातला एक इंच खऱ्या विमानाचे सहा फूट. त्याने लगेच हिशेब केला, "अब्बा, याच मापात हे मोठं विमान बनवलं तर पंखच जवळजवळ साडेचार फुटांचे होतील! खोक्यात कसं मावणार?"

नोंदणीच्या टेबलापाशी एक वयस्क गृहस्थ बसले होते. मॉडेल निरखून त्यांनी लेकाला सहज विचारले, "सगळं तूच केलंस?"

त्याने आमच्याकडे पाहिले. आम्हाला आदली रात्र आठवली. तो झोपल्यावर आम्ही दोघांनी दिवा जवळ ओढला होता. पंखाचा जोड उघडा दिसत होता, तो पॉलिश पेपरने घासला; रंगाचा ओघळ पुसून पुन्हा रंग दिला. 'थोडीशीच मदत,' असे आम्ही एकमेकांना म्हणालो होतो. सकाळी त्याला ते कळले होते, पण तो काही बोलला नव्हता.

"पंख अब्बांनी घासले, रंग अम्मीने नीट केला," तो हळूच म्हणाला.

आमच्या माना खाली गेल्या. गृहस्थ हसले आणि म्हणाले, "मग हे नुसतं बघायला ठेवू, स्पर्धेत नको. चालेल?" त्याने मान हलवली.

नंतर आम्ही टेबलांमधून फिरलो. परीक्षक बॅटरीच्या उजेडात एकेक मॉडेल तपासत होते: जोड दिसतो का, दोन्ही पंख एका रेषेत आहेत का, काचेच्या झाकणाला गोंद लागला आहे का. मुलांच्या टेबलावर बरीच वाकडी विमाने होती आणि त्यांची मुले शेजारी ताठ उभी होती. एका कोपऱ्यात लहानग्यांना तिथेच मॉडेल जोडायला देत होते. धाकटीने आमचा हात बाजूला सारून विमान जोडले. शेपटीवरचे चित्र उलटे चिकटले, तरी ती खूश.

परतताना लेकाने पदकाचे नावही काढले नाही. फक्त म्हणाला, "पुढचं मॉडेल मी कपाटात कुलूप लावून ठेवणार."

बक्षिसाची घाई त्याला नव्हतीच, आम्हाला होती. मुलांना अशा स्पर्धेला जरूर न्या. खोक्यात स्पंज घाला, सुटलेला तुकडा चिकटवायला गोंद जवळ ठेवा. आदल्या रात्री मात्र दिवा लवकर मालवा.