भिंतीवर उजळलेली गजलक्ष्मी

पितळेची देवी भिंतीवर लावायची तर सकाळच्या तिरप्या उन्हात लावा! मला हे नुकतंच उमगलंय आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. आमच्या दिवाणखान्यात पूर्वेच्या खिडकीशेजारी एक मोकळी भिंत होती. तिथे मी सागवानी चौकटीतली पितळी गजलक्ष्मी लावली. मध्ये कमळावर बसलेली देवी, दोन्ही अंगांना सोंडेत कलश धरून तिच्यावर पाणी ओतणारे हत्ती, मागे बाटलीहिरवा खण. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन आत आलं आणि हत्तींच्या सोंडा चक्क भिंतीतून पुढे आल्या! कमळाची पाकळी न् पाकळी सुटी झाली. दुपारी तीच देवी शांत, मऊ, जुन्या सोन्यासारखी. संध्याकाळी दिवा लावला तर चेहऱ्यावर वेगळाच भाव. दिवसभर कामं सोडून मी त्या भिंतीकडे बघत होते.

हा चमत्कार उठावाचा. छापील चित्रातली सावली चित्रकाराने एकदा रंगवली की कायमची तशीच राहते. पितळी शिल्पातली सावली मात्र रोज नव्याने पडते, उन्हाबरोबर सरकते. म्हणून उजेड समोरून नको, बाजूने हवा. खिडकी नसेल तर वरून किंवा कडेने एखादा पिवळसर दिवा सोडा. 2700 ते 3000 केल्व्हिनचा ‘वॉर्म व्हाइट’ पितळेला फार खुलवतो. पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली तीच मूर्ती पार निस्तेज दिसते.

ही गजलक्ष्मी किती जुनी आहे हे वाचायला लागले आणि हरखूनच गेले. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर ती आहे, म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक काळ हे हत्ती तिला न्हाऊ घालताहेत. वेरूळच्या कैलास लेण्यात, क्रमांक 16 मध्ये, आत शिरताच समोर भव्य गजलक्ष्मी दिसते, कमळांनी भरलेल्या तळ्यात बसलेली. गोव्यात केळबाय म्हणून पुजली जाते तीही हीच. आपल्या जुन्या वाड्यांच्या दारावरची गणेशपट्टी आठवा. घरात पाऊल टाकणाऱ्याची देवाशी पहिली भेट तिथेच व्हायची. फ्लॅटच्या दारावर आता कोरीव पट्टी नसते, पण दारासमोरच्या भिंतीवर ती भेट पुन्हा घडवता येते. केवढी सुंदर गोष्ट आहे ही!

आणि आपल्या देवघरातले टाक! खंडोबा, म्हाळसा, भैरोबा, कुलदेवी. धातूच्या पातळ पत्र्यावर ठसा उमटवून केलेलं ते बोटभर शिल्पच असतं. टाक पूजेत असतात, त्यांची जागा देवघरातच. पण लहानपणापासून ज्यांना आपण हात जोडत आलो, त्यांच्यात आणि भिंतीवरच्या या देवीत उठावाची तीच जादू आहे, हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला.

तेव्हापासून मी दुकानात गेले की पहिलं काम करते ते वस्तू उलटी करून बघायचं. सगळी गोष्ट मागच्या बाजूला लिहिलेली असते! पत्रा ठोकून घडवलेलं काम असेल तर मागे देवी खोलगट दिसते, पुढचा प्रत्येक उंचवटा मागे खळगा होऊन. ओतीव काम असेल तर पाठ भरीव आणि हाताला चांगलंच वजन लागतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्याचा एक घन सेंटिमीटर साधारण साडेआठ ग्रॅम भरतो. तीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद आणि तीन मिलिमीटर जाड भरीव फळी दीड किलोची होते, चौकट वेगळी. म्हणून चिकट हुकांवर भरवसा ठेवू नका. भिंतीला ड्रिल मारून गट्टू बसवा आणि स्क्रूवर टांगा. आणखी एक, खिशात छोटंसं लोहचुंबक ठेवा. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं, तर वरचा मुलामा पितळी आणि आत लोखंड.

मागे काय लावायचं यातही केवढी मजा! गुळेदगुड्डच्या मागांवरचा खण आजवर चोळीला पाहिला होता. पितळेमागे तो लावला की त्याची बारीक चमकदार वीण आणि धातूची झळाळी एकमेकींना खुलवतात. गडद रंग घ्या: हिरवा, जांभळा, कुंकवाचा. चौकट खोल पेटीसारखी करून घ्या आणि पुढे काच टाळा. काचेत समोरची खिडकी दिसते आणि सगळा उठाव झाकला जातो. धूळ बसेल, बसू दे. मऊ कोरड्या ब्रशने ती निघते.

पितळ उजळायला चिंच लावाल तर मात्र जपून! मुलाम्यासारखं पारदर्शक लॅकर दिलेलं असेल तर चिंच, लिंबू, घासण्याची पावडर यातलं काहीच लावायचं नाही, नुसतं फडकं फिरवायचं. आणि लॅकर नसलं तरी खाचांतला काळेपणा खरवडून काढू नका. दागिन्यांच्या घड्या, पाकळ्यांच्या कडा, डोळ्यांच्या रेषा त्या काळेपणामुळेच उठून दिसतात. उंच भाग तेवढे हलक्या हाताने पुसायचे. नाक, गाल, सोंडेचं टोक लखलखतं आणि खोलगट भाग गडद राहतो.

पण सगळ्यात मोठा आनंद मला आजीने दिला. तिला आता नीट दिसत नाही. घरातली चित्रं, फोटो, कॅलेंडरं तिच्यासाठी मिटून गेली आहेत. मी तिला खुर्चीवर बसवलं, देवी भिंतीवरून उतरवून मांडीवर दिली. तिची बोटं कमळावरून वर सरकत गेली, मुकुटापाशी थांबली, मग बाजूला वळली आणि ती एकदम म्हणाली, “अगं, हत्ती आहेत की गं! पाणी घालतायत!” कुणी सांगितलं नव्हतं तिला. धातूने सांगितलं.

म्हणून म्हणते, भिंतीसाठी देव निवडायला जाल तेव्हा डोळ्यांबरोबर बोटांनाही निवडू द्या. आवडतं दैवत घ्या: विठ्ठल घ्या, मुरलीधर घ्या, जेजुरीचा घोड्यावरचा खंडोबा घ्या. आकार लहान असला तरी चालेल, उठाव खोल हवा. पुण्याच्या तांबट आळीत जाऊन हातोडीखाली धातू कसा आकार घेतो हेही बघून या; ठोक्याठोक्याने उमटणारं मठारकाम बघितलं की घरातल्या धातूच्या प्रत्येक वस्तूकडे तुम्ही नव्याने बघाल. माझी तर पुढची भिंत ठरली आहे. जेवणघरात, पश्चिमेच्या खिडकीजवळ, संध्याकाळचं ऊन झेलणारा मुरलीधर. त्याच्यासाठी कुंकवाच्या रंगाचा खण मी आजच आणून ठेवलाय!