विमानात बसण्याआधी एक सोनोग्राफी

पाळी चुकून पंधरा दिवस झालेले असतात, घरच्या टेस्टवर दोन रेघा उमटलेल्या असतात आणि तिकीट मात्र महिन्याभरापूर्वीच काढलेलं असतं. कुणाला नवऱ्याबरोबर न्यू जर्सी गाठायचं असतं, कुणाच्या धाकट्या बहिणीचं लग्न नागपूरला असतं. मुलगी विचारते, "मॅडम, विमानाने गेले तर चालेल ना?" सोबत आलेल्या सासूबाईंचा निकाल तयारच असतो: तीन महिने होईपर्यंत कुठे जायचं नाही.

सासूबाईंची भीती मी कधीच उडवून लावत नाही. गर्भ राहिल्याचं कळलेल्या १०० जणींपैकी १० ते २० जणींचा गर्भ पडतो, आणि बहुतेक वेळा तो पहिल्या १२ आठवड्यांतच. त्यांनी आपल्या हयातीत हे घरात, शेजारीपाजारी पाहिलेलं असतं. पण अशा गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत मूळ कारण गुणसूत्रांतला दोष असतं आणि तो सहसा गर्भधारणेच्या वेळीच आलेला असतो. त्यानंतर बाई जे काही करते, पपई खाते, स्कूटरवर बसते, विमानाने जाते, त्यावर नाहक आळ येतो.

विमानात हवा विरळ असते, हे खरं. केबिनमधला दाब साधारण ६००० ते ८००० फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवतात. निरोगी बाईच्या रक्तातला प्राणवायू त्यामुळे थोडासाच उतरतो. आणि पहिल्या दहा-एक आठवड्यांचा गर्भ मुळातच कमी प्राणवायूत वाढत असतो. वारेकडे जाणाऱ्या आईच्या रक्तवाहिन्यांची तोंडं या काळात गर्भाच्याच पेशींनी बरीचशी बुजवलेली असतात. रक्ताचा पुरता ओघ सुरू होतो तो पहिली तिमाही संपत आल्यावर. निसर्गाची ही व्यवस्था इतकी वर्षं शिकवूनही मला थक्क करते. अडचण येते ती आईचंच रक्त फार कमी असेल तेव्हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आढळला, म्हणून प्रवासाआधी हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय मी होकार देत नाही.

किरणोत्साराचंही असंच. गर्भासाठी संपूर्ण गरोदरपणात १ मिलिसिव्हर्टची मर्यादा सुचवलेली आहे. मुंबई–न्यूयॉर्क जाऊन-येऊनही साधारण ०.२ च्या आतच राहतं. सतत उडणाऱ्या हवाईसुंदरींची गोष्ट वेगळी, त्यांनी दिवस राहिल्याचं कळताच कंपनीला सांगावं. विमानतळावरच्या धातुशोधक कमानीतून जायला मात्र काहीच हरकत नाही.

मग माझी काळजी कशाची? गर्भ नेमका कुठे रुजलाय, याची. १०० पैकी एक-दोन गरोदरपणांत तो गर्भाशयाऐवजी बहुधा गर्भनलिकेत रुजतो. टेस्ट तशीच पॉझिटिव्ह येते, मळमळही तशीच होते. नळी अरुंद असते. सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ती फुटू शकते आणि पोटात रक्तस्राव सुरू होतो. पोटाच्या एका बाजूला दुखणं, थोडासा काळपट डाग, भोवळ, आणि कधीकधी खांद्याच्या टोकाला कळ, कारण साचलेलं रक्त श्वासपटलाला डिवचतं. खांदा दुखतोय म्हणून बाई बाम लावत बसते. जमिनीवर असेल तर ऑपरेशन करून आम्ही तिला वाचवतो. समुद्रावर असेल, तर विमान वळवलं तरी ऑपरेशन थिएटर काही तास लांब असतं.

म्हणून माझी अट एकच: सहावा आठवडा भरल्यावर योनीमार्गातून सोनोग्राफी. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. पडद्यावर गर्भाशयात काळी पिशवी, तिच्यात अंगठीसारखं गोल वलय आणि त्याला चिकटलेला जेमतेम ५-६ मिलिमीटरचा गर्भ दिसतो, मधोमध ठोका लुकलुकत असतो. हे दिसलं, दुखणं नाही, डाग नाही, की मी म्हणते, "जा, खुशाल जा." पाचव्या आठवड्यातच धावत आलीस तर बहुधा ठोका दिसणार नाही आणि उगाच जीव टांगणीला लागेल. तिकीट पुढे ढकलता येतं.

लांबच्या प्रवासात पायांतल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका असतो. गरोदरपणात तो मुळातच चार-पाच पटींनी वाढलेला असतो. कडेची सीट घ्या, तासा-दीड तासाने उठून चाला, पाणी प्या. चार तासांपेक्षा लांबचा प्रवास असेल तर गुडघ्यापर्यंतचे घट्ट वैद्यकीय मोजे घाला. पूर्वी गुठळी झालेली असेल तर आधी भेटा. उलटीच्या गोळ्या, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि रक्तगट हातातल्या पर्समध्ये ठेवा. प्रवासविम्यात गरोदरपण बहुधा वगळलेलं असतं, तेही वाचून घ्या.

एवढं करूनही काहीजणींचा गर्भ टिकत नाही. परतल्यावर त्या विचारतात, गेले नसते तर? अशा वेळी मी रिपोर्ट उघडते. पुष्कळदा गर्भाची लांबी सातव्या आठवड्यातच थांबलेली असते आणि विमानप्रवास झालेला असतो नवव्यात. मिलिमीटरमधला तो आकडा मी तिला दाखवते, नवऱ्याला दाखवते, आणि सासूबाई बाहेर बाकावर बसलेल्या असतील तर त्यांनाही आत बोलावून दाखवते.