धुक्याचे कारण

पुणे–दिल्ली–पुणे असा आमचा प्रवास महिन्यातून किमान दोनदा, गेली चौदा वर्षे चालू आहे. कारखान्याचे व्हॉल्व्ह विकण्यासाठी केलेल्या या येरझाऱ्यांना भटकंती म्हणण्याचा प्रमाद आम्ही करणार नाही. विमानाचे अप्रूप पहिल्या सहा महिन्यांत ओसरले. उरले ते ताटकळणे.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला ते हमखास वाट्याला येते. रात्र निरभ्र, वारा पडलेला आणि जमिनीलगत ओल असली की पहाटे विमानतळ धुक्यात बुडालाच म्हणून समजावे. तिथल्या यंत्रणेमुळे अवघे ५० मीटर दिसत असतानाही विमान उतरू शकते. अर्थात विमान तसे सज्ज आणि वैमानिक तसा प्रशिक्षित असेल तर. उड्डाणाला मात्र १२५ मीटर तरी दिसावे लागते. म्हणजे दिल्लीत शिरणे सोपे, सुटणे अवघड. आमच्या वसुलीच्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते! शिवाय एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करत असल्याने पहाटेचे धुके ऊन पडल्यावरही संपत नाही. संध्याकाळी लख्ख आकाशाखाली, भलत्याच शहरातल्या फलकावर ते पुन्हा विलंबाच्या रूपाने प्रकट होते.

हे सारे आम्ही वडिलांना समजावून दिले होते. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उशिरा आलेल्या गाडीपुढे कारण लिहिण्यात त्यांची ३२ वर्षे गेली: टायर पंक्चर, घाटात दरड, रास्ता रोको. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर ते डाव्या हाताने लिहायला शिकले आणि एका शाळकरी वहीत आमच्या विमानांची नोंद ठेवू लागले. तारीख, सुटण्याची वेळ, लागण्याची वेळ, कारण. विमानाला ते गाडीच म्हणत.

२०१९ च्या जानेवारीतल्या एका शनिवारी धुके नव्हते. विमान वेळेवर सुटले आणि अकराच्या सुमारास लोहगावला उतरले. घरी वडिलांची आंघोळ, चादरी बदलणे, त्यांच्या जड जिभेतून शब्द वेचणे आमची वाट पाहत होते. गेले तीन दिवस हे सारे पत्नी एकटी करत होती. आम्ही विमानतळाबाहेर चहा घेतला आणि घरी फोन लावला. ''दिल्लीला धुकं आहे. तीन तास तरी लागतील.''

वाक्य इतके सहज कसे निघाले याचे आम्हाला आजही नवल वाटते. खरे तर विलंबाची आम्हाला चटक लागली होती. त्या अवधीत साहेब काही विचारू शकत नाही, घर काही मागू शकत नाही, आणि दोष मात्र आकाशाचा. त्या दिवशी आकाशाने साथ दिली नाही, म्हणून आम्ही ते उसने घेतले. तीन तासांत आम्ही दोन वर्तमानपत्रे वाचली, छोट्या जाहिरातींसकट.

अडीचला घरी पोचलो. पत्नीने ताट वाढले. वडिलांनी विचारले, ''गाडी किती वाजता लागली?''

''दोनला.''

''कारण?''

''धुकं.''

त्यांनी मान हलवली.

आठवड्याने मुलगा सहज बोलून गेला, ''बाबा, त्या दिवशी आजोबांनी आणि मी तुझं विमान उतरताना पाहिलं.'' नकाशावर सरकणारे विमानाचे पिवळे चिन्ह तो त्यांना मोबाइलवर दाखवत असे. आम्हाला याचा पत्ता नव्हता. ते झोपलेले असताना आम्ही वही उघडली. वेडीवाकडी, पण स्वच्छ अक्षरे: लागली, ११.०५. कारणाचा रकाना कोरा होता.

त्यांनी विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही. पत्नीला किती ठाऊक होते, हे विचारण्याचा धीर झाला नाही.

पुढच्या खेपेस दिल्लीला खरोखरच दाट धुके पडले, पाच तास. आम्ही घरी फोन केला आणि कारण सांगू लागलो.

''माहितीये,'' पत्नी म्हणाली, ''दिसतंय इथे.''