थोर कोण?

कन्नड तालुक्यांतील देवगांव रंगारी येथील आमच्या घरांत वादाला विषय कधींच कमी पडला नाहीं. एकत्र कुटुंबांत पानें मांडून होईपर्यंत जो वेळ जातो, तो बहुधा वादांतच जातो. परंतु १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं जो वाद झाला, त्यानें घरांत एक रात्र अबोला घातला. त्या अबोल्याला मीही हातभार लावला होता, म्हणून तो सांगावासा वाटतो.

त्या दिवशीं मुंबईस वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर यांचा २०० वा आणि शेवटचा कसोटी सामना संपला. आदल्या दिवशीं ते ७४ धावांवर बाद झाले होते. सामना आटोपल्यावर ते खेळपट्टीपाशीं गेले, वांकून तिला स्पर्श केला आणि हात कपाळाला लावला. आमच्या आजीनें पदर डोळ्यांना लावला. तिला क्रिकेटांतलें अक्षर कळत नसे. पण मुलाचा खेळ मैदानावर येऊन पाहण्याची त्या माउलीची ही पहिलीच वेळ, एवढें ऐकणें तिला पुरेसें होतें. शिवाय वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवि; तेव्हां मुलगा आपल्यांतलाच, असा तिचा हिशेब.

"जगांतला सर्वांत थोर फलंदाज आज निवृत्त झाला," असें माझा सतरा वर्षांचा पुतण्या म्हणाला.

झोपाळ्यावरून अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, म्हणाले, "जगाचें राहूं दे. मुंबईचासुद्धां नव्हे. गावसकर तो गावसकर!"

झालें. पुतण्यानें आंकडे पुढें केले: कसोटींत १५,९२१ धावा, ५१ शतकें, एकदिवसीय सामन्यांतील ४९ मिळून शतकांचें शतक. गावसकरांच्या धावा १०,१२२ आणि शतकें ३४. अण्णा हे सेवानिवृत्त शिक्षक; आंकड्यांनीं ते दबणारे नव्हेत. १९७१ सालीं वेस्ट इंडीजला जाऊन एकवीस वर्षांच्या मुलानें चार सामन्यांत ७७४ धावा केल्या, त्या डोक्यावर शिरस्त्राण नसतां, आणि तेंही नव्या चेंडूला पहिल्यानें तोंड देऊन! पुढें त्याच संघाविरुद्ध एकंदर १३ शतकें! दहा हजार धावांची वाट ज्यानें प्रथम पाडली, त्याच्या मागून जाणाऱ्यानें ती रुंद केली, एवढेंच म्हणावें, असा त्यांचा निवाडा.

मीं मध्यें तोंड घातलें. माझें म्हणणें असें कीं, आधीं माप कोणतें तें ठरवा. सरासरी हें माप धरलें, तर ब्रॅडमन यांच्या ९९.९४ पुढें बोलणेंच खुंटतें. १९४८ सालीं ओव्हलवर शेवटच्या डावांत त्यांना चारच धावा हव्या होत्या, आणि ते शून्यावर बाद झाले. प्रथम श्रेणीची सरासरी धरली, तर ब्रॅडमन यांच्या खालोखाल आपले विजय मर्चंट, ७१.६४, पण त्यांना कसोटी सामने मिळाले अवघे दहा. संकटांतला एकाकी झुंजारपणा पाहायचा, तर सांगलीच्या विजय हजारे यांनीं १९४३ च्या पंचरंगी सामन्यांत संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्यानें केल्या. बंधु विवेक यांनीं २१ धावा करून एक बाजू लावून धरली, तेव्हां कुठें तें जमलें.

आणि भाऊसाहेब निंबाळकर? डिसेंबर १९४८, पुणें, महाराष्ट्राविरुद्ध काठेवाड. निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमन यांचा ४५२ चा त्या वेळचा जागतिक उच्चांक मोडायला दहा धावा हव्या होत्या, तोंच काठेवाडच्या संघानें सामना सोडून दिला! ज्यांना प्रतिपक्षानें दहा धावांची संधि नाकारली आणि निवड समितीनें एकही अधिकृत कसोटी दिली नाहीं, त्यांचा क्रमांक कोणत्या कोष्टकांत लावावयाचा? मला आजही या गृहस्थांची चुटपुट वाटते.

पण माझें हें पाल्हाळ कोणी ऐकत नव्हतें. पुतण्या एकदम म्हणाला, "अण्णाआजोबा, तुम्हांला जुनें तेवढें सोनें. खेळ आतां तुम्हांला कळत नाहीं."

मीं त्याला दटावायला हवें होतें. मी हंसलों. अण्णांनीं माझ्याकडे एकवार पाहिलें, उपरणें उचललें आणि ते आंत गेले. रात्रीं त्यांचें पान तसेंच राहिलें. काकूंनीं मला कांहीं बोलून दाखविलें नाहीं, हें अधिकच लागलें.

सकाळीं चहाचा पेला घेऊन पुतण्या आपण होऊन ओसरीवर गेला. "आजोबा, तें एकाहत्तरचें सांगा ना."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काय सांगूं? त्यांतला एक चेंडूही मीं पाहिलेला नाहीं. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशीं मोटारीनें येई. त्यांतल्या धावा मी वहींत उतरून घेई. खेळ असा असेल, तसा असेल, हें सारें मनानेंच."

पोरगा चपापला. थोड्या वेळानें म्हणाला, "शारजा मीं तरी कुठें पाहिलें? अठ्ठ्याण्णव सालीं मी दोन वर्षांचा होतों."

मग दोघेही हंसले, आणि मला त्या हंसण्यांत घेतलें नाहीं, तें योग्यच झालें. माझा कौल कोणी विचारीत नाहीं. विचारल्यास कसोटीच्या पहिल्या चेंडूला गावसकर, आणि एरवीं तेंडुलकर, असें मी म्हणेन.

पुढें १५ नोव्हेंबर २०२३ रोजीं त्याच वानखेडेवर विराट कोहली यांनीं पन्नासावें एकदिवसीय शतक केलें आणि प्रेक्षकांत बसलेल्या तेंडुलकरांना वांकून अभिवादन केलें. मे २०२५ मध्यें कोहली कसोटींतून निवृत्त झाले, त्या दिवशीं माझा दहा वर्षांचा नातू म्हणाला, "सर्वांत थोर फलंदाज निवृत्त झाला."

पुतण्या ताडकन् उठला. "अरे, तूं शारजा पाहिलेंस का?"

झोपाळ्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा सुपारी कातरीत होते. त्यांनीं अडकित्ता खालीं ठेवला आणि नातवाला जवळ बोलावलें. "सांग रे बाळ, तुझे आंकडे सांग."